ओट्याखालच्या बाटल्या

सुनेने ओट्याखालून आणखी एक बाटली ओढून काढली आणि खोक्यात आदळली. सगळ्या जुन्या सरबताच्या बाटल्या, आत सरबत सोडून सगळं. सासूबाई ॲसिड आणि ब्लीच सुटं आणायच्या आणि हाताला येईल त्या बाटलीत भरायच्या.

“एवढा पसारा कशाला? मोरीत ओत आणि मोकळी हो,” सासूबाई म्हणाल्या.

“एकत्र ओतलं तर विषारी वायू होतो, आई. घातक कचऱ्याची गाडी आज येतेय. बाटलीवर आत काय आहे ते लिहायला सांगितलंय.”

“इतकी वर्षं ओततेय. कोणी मेलं का या घरात?”

सोमवारपासून सून कामावर जाणार होती आणि रांगतं बाळ दिवसभर आजीकडे राहणार होतं. त्याआधी हे विष घराबाहेर जायलाच हवं होतं. सासूबाईंना वाटत होतं, ही आपल्यावर संशय घेतेय. खरं सांगायचं तर घेतच होती.

“मग कशात काय आहे ते तुम्हीच सांगा.”

सासूबाईंनी एक बूच उघडून नाकाशी नेलं. “ॲसिड.” मग दुसरं. “ब्लीच. शेंबड्या पोरालाही कळेल.”

सून चिठ्ठ्या चिकटवत गेली.

“आणि ते व्हिनेगरने पुसणं बंद कर. फरशी आहे की लोणच्याची बरणी? सकाळपासून नाक धरून फिरतेय मी.”

सुनेचा हात थांबला. व्हिनेगर कालच संपलं होतं. आज फरशी तिने नुसत्या पाण्याने पुसली होती.

तेवढ्यात करपट वास आला. सासूबाईंच्या पाठीशीच मंद आचेवर बाळाचं दूध पातेल्याला लागत होतं. त्या मात्र तावातावाने बोलतच होत्या.

सुनेने हात लांबवून गॅस बंद केला. सासूबाईंनी वळून पातेलं पाहिलं, मग तिला. चेहऱ्यावरचा राग होता तसाच राहिला, डोळे तेवढे घाबरले. गेले कित्येक महिने सून असल्याच एका संधीची वाट बघत होती.

“अगं, काय करपलं?” बाहेरून नवऱ्याने विचारलं.

सुनेने पातेलं खाली उतरवलं. “दूध. माझ्याकडून लागलं.”

“लक्ष कुठे असतं हिचं, देव जाणे!” सासूबाई घरभर ऐकू जाईल अशा कडाडल्या.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूबाई खाली बसल्या होत्या आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढत होत्या.

“‘माहीत नाही’ लिही. सगळ्यांवर,” त्या पुटपुटल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, “आणि बाळासाठी पाळणाघर बघ. हे हिचंच खूळ, असं मी त्याला सांगेन.”

“सांगा,” सून म्हणाली आणि तिने पहिली चिठ्ठी लिहायला घेतली.