खिडकीखालच्या तीन गारगोट्या

फोटोत कचरा आलेला मला खपत नाही. पडक्या चर्चपाशी गेलो की आधी झाडलोट करायची, बिअरचे डबे, मेंढ्यांची लोकर, मेणबत्त्यांची बुडखी उचलायची आणि मगच कॅमेरा काढायचा. आयर्लंडच्या मेयो परगण्यातले पडके मठ आणि पवित्र विहिरी चाळीस वर्षं मी अशाच टिपल्या. बायको म्हणायची, "घरात स्वतःचा कप उचलत नाहीस, आणि संतांची घरं झाडतोस!"

गेल्या महिन्यात गावच्या हॉलमध्ये त्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या डेलियाबाई काठी टेकत आल्या आणि समुद्राकाठच्या चर्चच्या फोटोपुढे थांबल्या.

"हा कधीचा रे, मास्तर?" निवृत्त झालो तरी गावाला मी मास्तरच.

"अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातला."

"म्हणजे मॅटी जायच्या आधी दोन वर्षं. तेव्हाही खिडकीखाली काही नव्हतं तर! लबाड कुठला."

मॅटी म्हणजे त्यांचा नवरा. मी चहा आणून दिला, तेव्हा त्या बोलल्या. त्यांचं पहिलं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. तेव्हा अशा बाळांना गावच्या दफनभूमीत जागा नसे. दिवस मावळला की बाप खोकं काखेत घेऊन एकटाच त्या पडक्या चर्चपाशी जाई, पुरून येई, आणि घरात तो विषय पुन्हा निघत नसे. मॅटीनेही तो काढला नाही, थेट मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत.

"मला म्हणाला, पूर्वेच्या खिडकीखाली आहे. वर तीन पांढऱ्या गारगोट्या ठेवल्यात, ओळीत. मॅटीला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. नुसतं गवत! तिथला दगड कुणी हलवत नाही, हलवणाऱ्याचा हात झडतो. म्हणजे यानेच थाप मारली. बाळ कुठल्या दलदलीत टाकलं, देव जाणे. थडगी साफ करायच्या रविवारी सगळं गाव जातं, मी गुडघ्याचं निमित्त सांगते. चौतीस वर्षं त्याच्या थडग्यावर फूल ठेवलेलं नाही मी."



घरी येऊन जुन्या निगेटिव्हचा डबा उघडला. झाडलोटीआधी उजेडाचा अंदाज घ्यायला मी एक फोटो काढायचो. तो कधी छापायचो नाही. भिंग लावलं. खिडकीखाली तीन पांढरे ठिपके होते, ओळीत. पुढच्या फोटोत नव्हते. मग आठवलं, मीच त्या उचलून काटेरी झुडपात भिरकावल्या होत्या. हात झडतो वगैरे मी मानत नसे.

किनाऱ्यावरून तीन गारगोट्या आणून ठेवाव्यात आणि सापडल्या म्हणावं, असंही मनात आलं. मी काही संत नाही. पण मग आपणच तेव्हा नीट पाहिलं नाही, असं बाईंना वाटलं असतं. दोष माझा आणि भरायचं त्यांनी.

सकाळी तो फोटो छापून त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर ठेवला.

"मीच उचलल्या, डेलियाबाई. फोटो स्वच्छ यावा म्हणून."

त्यांनी चष्मा लावला. तीन ठिपक्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. काठी पाठीत बसणार म्हणून मी तयार होतो. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"मॅटी, अरे मॅटी," एवढंच त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून, "गाडी आणलीयेस?"

फाट्यावर मी गाडी समुद्राकडे वळवू लागलो.

"तिकडे नाही, दफनभूमीकडे. बाळ त्रेसष्ट वर्षं थांबलंय, अजून तासभर थांबेल. आधी याच्याकडे."

आजूबाजूची थडगी लख्ख होती. मॅटीचं गवतात बुडालं होतं, नावावर शेवाळ चढलं होतं. सवयीने मी वाकलो आणि गवताला हात घातला. तेव्हा मात्र काठी बसली, मनगटावर.

"हात लावू नकोस," डेलियाबाई म्हणाल्या आणि माझ्या खांद्याचा आधार घेत गवतात गुडघे टेकून बसल्या. "हे मी काढणार."