हरवलेल्या माणसांचे पान

मित्रांनो, मी मनीषनगरातल्या मेघाचा जुना काँप्युटर आहे. घरच्या लहानसहान कामांसाठी मला आणले होते. माझी ऑपरेटिंग सिस्टिमही तशी घरगुतीच. पण मेघाने माझ्यात सर्व्हरचा प्रोग्राम बसवला आणि मी घरबसल्या लोकांना वेब पान दाखवू लागलो.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. गर्दीत काहींची चुकामूक होते. तिथल्या मदतीच्या मंडपातले स्वयंसेवक अशा माणसाचे नाव मोबाइलवरून भरत आणि मी लगेच हरवलेल्यांचे पान नव्याने रचून देई. नातेवाइकांना ते आपल्या फोनवर दिसे. पहिल्या वर्षी कितीतरी जण सापडले. "आपला डब्बा हुशार निघाला वं!" मेघाची आई प्रेमिला म्हणाली. मी फुलून गेलो.

यंदा मात्र घात झाला. गडबडीत मेघा माझे अपडेट पुढे ढकलत राहिली होती. ऐन दसऱ्याच्या दुपारी ते अपडेट बसवायला मी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालो आणि पासवर्ड मागत थांबलो. तो टाकल्याशिवाय सर्व्हर चालत नसे. मेघा मंडपात स्वयंसेवकांसोबत होती, घरात कोणीच नव्हते. बाहेरून माणसे पान मागत होती आणि मी मुका!

मंडपात भंडाऱ्याकडच्या अंजनाबाई बसल्या होत्या. त्यांचे नाव पानावर चढलेच नाही. भोंग्यावरून पुकारा झाला, पण आई गावाकडे निघाली असेल असे समजून त्यांचा मुलगा प्रेमानंद तोवर बसस्टँडवर गेला होता.

प्रेमिला भोजनदानात लोकांना जेवण वाढत होती. मेघाचा फोन येताच ती धावत घरी आली.

"हा तर पासवर्ड मागून राहिला वं!"

मेघाने तो फोनवर सांगितला. पान उघडले आणि स्वयंसेवकांनी अंजनाबाईंचे नाव भरले. बसस्टँडवर प्रेमानंदला आईचे नाव दिसले आणि तो धावत परतला. तोवर अंजनाबाईंनी अन्नाचा कण घेतला नव्हता.

"मी माफी मागितली," संध्याकाळी मेघा आईला सांगत होती, "तर आजी म्हणे, 'माहा लेक भेटला ना, मंग तू काहून रडून राहिली?'"

सांगतानाही ती रडत होती. माझ्याकडे कोणी रागाने पाहिलेसुद्धा नाही. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

आता ते पान दुसरीकडच्या मोठ्या सर्व्हरवर आहे. मित्रांनो, आमच्यावर परक्या माणसांची जबाबदारी टाकण्याआधी आमची कुवत ओळखा, वेळच्या वेळी आमची निगा राखा. आम्ही बंद पडतो तेव्हा कुठेतरी कोणीतरी आपल्या माणसाची वाट पाहत उपाशी बसलेले असते.