चाळलेला मैदा

"तीन द्या काकू. नाही, असं करा, चारच द्या." शिलाईवाली दारातच उभी होती. गळ्यात टेप तसाच लटकत होता, आणि ती काकूंकडे न बघता चपलांच्या रॅककडे बघून बोलत होती.

"चार? परवाच तर दोन नेलेस."

"संपले ना. आमच्याकडे काय, आलं की फस्त."

काकूंनी फ्रीजरमधून चार रोल काढून दिले. बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळलेले, दोन्ही टोकांना पीळ देऊन पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले. शिलाईवालीने ते ओच्यात घेतल्यासारखे दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि पायऱ्या उतरून गेली. काकूंनी दार लावलं. धंदा जोरात चाललाय, असं त्यांच्या मनात आलं. त्यापलीकडे मनात काही आलं नाही. हल्ली येतच नसे.

इमारतीत त्यांना सगळे बिस्किटवाल्या काकू म्हणत. खरं तर काकूंनी आयुष्यात कुणाला एक बिस्किट विकलं नव्हतं. त्या विकत ते कुकीजचं कच्चं पीठ. लोकांनी रोल घरी न्यायचा, सुरीने चकत्या कापायच्या आणि आपापल्या ओव्हनमध्ये भाजायच्या. घरभर वास सुटतो, आपणच केल्यासारखं वाटतं, आणि पसारा मात्र काकूंच्या ओट्यावर. अशी सोय कुणाला नको असते? लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेसणं हे काकूंचं खास काम. त्यात अंडं, व्हॅनिला, मग मैदा, शेवटी चॉकलेटचे तुकडे. हात इतका बसला होता, की डोळे मिटूनही पीठ तयार झालं असतं.

गेले काही महिने ते जवळजवळ डोळे मिटूनच होत होतं. उन्हाळ्याच्या शेवटी काका गेले. छापखान्यात मशीनवर उभं राहून हयात घालवलेला माणूस, निवृत्तीनंतरही सकाळी उठून कुठे कामावर जायचंय अशा घाईत दाढी करायचा. त्या दिवशी दाढी करून खुर्चीत बसले आणि बसलेच. लोक आले, मुलगा आला, आठवडाभर राहून परत आपल्या गावी गेला. सगळ्यांनी सांगितलं, रडून घ्या काकू, मोकळं व्हा. काकू म्हणाल्या, हो. पण रडू काही आलं नाही. भूल दिलेल्या दाढेसारखं झालं होतं सगळं. जीभ लागते, तिथे काहीतरी आहे हे कळतं, दुखत मात्र नाही.

मग कुणीतरी रोल मागायला आलं, आणि काकू उठल्या. तेवढ्या एका कामासाठी त्या उठत राहिल्या. कुणालातरी आपल्या हातचं हवं आहे, म्हणून ओटा पुसायचा, लोणी बाहेर काढून ठेवायचं, वेणी घालायची. हे काम सुटलं तर आपण सकाळी अंथरुणातून उठणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

शिलाईवाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज बंद पडला. आतला दिवा लागत होता, पण गारवा नव्हता, आणि फ्रीजरमधून पाणी ठिबकून फरशीवर ओहोळ आला होता. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, संध्याकाळी बघतो. संध्याकाळपर्यंत लोण्याचं काय होणार? काकूंनी उरलेले सगळे रोल मोठ्या पातेल्यात भरले आणि वरच्या मजल्यावर नर्सकडे गेल्या.

नर्सची नुकतीच रात्रपाळी संपली होती. तिने तोंडात ब्रश ठेवूनच दार उघडलं.

"फ्रीज गेला गं माझा. हे जरा तुझ्या फ्रीजरमध्ये ठेवू का?"

"ठेवा ना काकू, विचारता काय," नर्स फेसातून बोलली आणि आत गेली. क्षणभरात तिच्या पावलांचा धावत येण्याचा आवाज आला. "थांबा काकू! मी ठेवते! तुम्ही बसा!"

पण तोवर काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजर उघडला होता.

आत दुसरं काही नव्हतंच. तळापासून वरपर्यंत बटर पेपरचे रोल, दोन्ही टोकांना पीळ, पांढरा दोरा. खालच्या थराला बर्फाची बुरशी धरली होती. काकूंना स्वतःची गाठ ओळखू येत होती. त्या पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ठेवायला जागा नव्हती.

"ते... पाहुणे येणार आहेत, म्हणून साठवून ठेवलेत," नर्स म्हणाली. हनुवटीवर पेस्टचा ओघळ आला होता.

"एवढे पाहुणे?"

नर्सने जाऊन चूळ भरली, तोंड पुसत परत आली आणि काकूंच्या हातातलं पातेलं घेऊन टेबलावर ठेवलं.

"फुगत नाहीत काकू."

"काय फुगत नाही?"

"कुकीज. चपट्या राहतात. फरशीचे तुकडे चावल्यासारखं होतं. आधी मला वाटलं, आमचा ओव्हनच बिघडला. माणूस बोलावला, तो म्हणाला ओव्हन ठणठणीत आहे. मग एकदा जिन्यात शिलाईवाली भेटली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, तुमच्याकडेही तसंच होतंय का?"

"कधीपासून?"

"झाले दोन-अडीच महिने."

"आणि कुणी मला सांगितलं नाही."

"कसं सांगणार? काका नुकतेच गेलेले. तुम्ही अशा... तुम्ही कामाला लागला होतात, तेच आम्हाला बरं वाटत होतं. पहिलं कोण बोलणार, म्हणून सगळेच मूग गिळून बसले. उलट जरा जास्तच घेत होतो. तुमचा हात चालू राहावा म्हणून."

काकू खुर्चीवर बसल्या. आपल्याला अपमान वाटायला हवा, हे त्यांना कळत होतं. राग यायला हवा. अख्खी इमारत जिना चढता-उतरता आपली कीव करत होती, पिशव्या भरभरून कीव नेत होती. त्या वाट बघत राहिल्या, पण आत काही हललं नाही. "बरं," एवढंच म्हणून त्या पातेलं उचलून खाली आल्या.

घरी आल्यावर त्यांनी ओव्हन लावला. काका होते तेव्हा दोघांपुरत्या चार-सहा भाजल्या जायच्या. एकटीसाठी एवढा ओव्हन कोण तापवणार, म्हणून काका गेल्यापासून त्याला हात लागला नव्हता. काकूंनी एक रोल कापला, चकत्या मांडल्या आणि काचेतून बघत स्टुलावर बसून राहिल्या. चकत्या पसरल्या, कडेने तपकिरी झाल्या, आणि तशाच पडून राहिल्या. गार झाल्यावर एक चावली तर खरंच कटकन आवाज झाला. चवही मुकी होती. मीठच नव्हतं.

लोणी तेच. साखर तीच. अंडी ताजी. काकू ओट्यासमोर उभ्या राहून रिकाम्या हातांनी एकेक काम करून बघू लागल्या. लोणी घेतलं, साखर घातली, फेसलं. अंडं फोडलं. व्हॅनिला. मग डावा हात आपोआप खालच्या कप्प्यातल्या मैद्याच्या डब्याकडे गेला, आणि तिथेच थांबला.

मैदा चाळायचं काम काकांचं होतं. दुपारी काकू जरा पडल्या की ते जमिनीवर जुना पेपर पसरून बसायचे आणि डबाभर मैदा चाळून, त्यात सोडा-मीठ मिसळून, पुन्हा एकदा चाळून ठेवायचे. बसल्या बसल्या माशा मारण्यापेक्षा बरं, म्हणून काकूंनीच लावून दिलेलं काम. दहा वर्षं झाली असतील. काकू उठायच्या तेव्हा पेपर झटकून घडी घातलेला असायचा आणि डबा जागेवर. त्यांनी डबा उघडायचा आणि वाटीने मैदा घ्यायचा. सोडा घालायचा असतो हे काकूंना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. त्यांच्या हातांच्या हिशेबी मैद्यातच सोडा यायचा.

काका गेले तेव्हा डबा भरलेला होता. तो पुरला, आणि तोवर कुकीज फुगत राहिल्या. मग तो संपला. काकूंनी नवं पाकीट फोडलं आणि डब्यात ओतलं.

सोड्याची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर होती. काका उंच होते, त्यांनी स्वतःच्या हाताला येईल अशी ठेवली होती. काकूंना स्टुलावर चढावं लागलं.

दुपारभर त्या दारोदार फिरल्या. रोल परत द्या, बदलून देते, असं सांगत. शिलाईवाली आधी म्हणाली, "अहो, संपले की सगळे!" मग काकूंनी तिच्याकडे नुसतं बघितल्यावर आत जाऊन कालचे चारही घेऊन आली आणि डोळ्यांत पाणी आणून सॉरी म्हणाली. काकू म्हणाल्या, "तू कशाला रडतेस?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. तळमजल्यावर एक म्हातारे घड्याळं दुरुस्त करत. ते भिंग डोळ्यावरून न काढताच म्हणाले,

"छान होत्या."

"खरं सांगा."

"खरं सांगायला दात कुठे आहेत मला? चहात बुडवून ठेवायचो. एक घड्याळ उघडून साफ करेपर्यंत मऊ व्हायच्या." मग त्यांनी भिंग काढलं. "पण तुम्ही विचारायला आलात ते बरं केलंत. माझ्या बायकोच्या माघारी वर्षभर लोकांनी मला चालू घड्याळं दुरुस्तीला आणून दिली होती."

संध्याकाळी फ्रीज सुरू झाला. दुसऱ्या दिवशी काकू स्वतः पेपर पसरून जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. चाळणी हलवता हलवता खांदा भरून आला, आणि हे काम असं अंगावर येतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. काका कधी बोलले नव्हते. एका रोलला चिमूटभर सोडा, एवढं काकूंना आठवत होतं, पण डबाभर मैद्याला किती चमचे, ते काकांनाच ठाऊक. त्यांनी अंदाजाने चमचे घातले.

पीठ झालं. गार झालं. काकू पहिला रोल घेऊन वर गेल्या. नर्सची आज सुट्टी होती.

"माझ्यासमोर भाज," काकू म्हणाल्या. "आणि चांगलं झालं नसेल तर तोंडावर सांग. नाहीतर मी हे बंद करते."

नर्सने चकत्या कापल्या. दोघी टेबलाशी बसून राहिल्या. कुकीज फुगल्या, चांगल्या टम्म फुगल्या, आणि वरून भेगाळल्या. नर्सने एक उचलली, फुंकर घातली आणि चावली. काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"छा..." म्हणता म्हणता नर्स थांबली. तिने कसाबसा घास गिळला, उठून पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन समोर बसली.

"सोडा फार झालाय काकू. साबण खाल्ल्यासारखं लागतंय."

"खरंच?"

"खरंच. नाही खाववत. थोडा कमी नाही, निम्मा करा सरळ."

"बरं," काकू म्हणाल्या. "उद्या निम्मा करून आणते."

"आणा. मी सांगेन."

काकू बाहेर पडल्या. चार पायऱ्या उतरल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. तिथेच पायरीवर बसल्या, आणि मग पोटातून असं काही वर आलं की त्यांना आधी ठसकाच लागला असं वाटलं. त्या रडत होत्या. आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. तोंडावर पदर धरून त्या हमसून हमसून रडल्या, आणि थांबवायचं म्हटलं तरी थांबेना.

खालून कुणाच्या तरी पायऱ्या चढण्याचा आवाज आला. येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून काकू रडता रडताच भिंतीकडे सरकून बसल्या.