कासिल्दाबाईंची लाल स्कूटर आणि मागचा खटका

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, बसून चालवायची विजेवरची स्कूटर आहे, आणि मी काहीही विसरलेली नाही. माझा पुढचा दिवा पिवळा पडला आहे, टोपलीची एक कडी तुटली आहे आणि उजव्या कुशीवर हातभर लांब ओरखडा आहे. तो ओरखडा मला कुणामुळे आला, तेच मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ज्यांचे गुडघे थकले त्यांच्यासाठी आम्हांला बनवतात. मला चार चाके आहेत, पण मोटारीचा तोरा नाही. दक्षिण स्पेनमधल्या एका चढणीच्या गावात मी आले ती कासिल्दाबाईंसाठी. त्यांच्या मुलीने, फुएनसांताने, मला दारात उभे केले तेव्हा बाई म्हणाल्या, "हे खेळणं माझ्यासाठी? मी काय जत्रेत आलेय?" पण आठच दिवसांत त्या माझ्यावर बसून पाव आणायला एकट्या जाऊ लागल्या. गेल्या दोन वर्षांत प्रथमच त्या कुणाचा हात न धरता घराबाहेर पडल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी माझी टोपली स्वतःच्या रुमालाने पुसली.

बाई मला नीट चालवत. बसण्याआधी चावी बंद, उठण्याआधी चावी बंद. माझ्या वेगाच्या चकतीवर एका बाजूला कासव आहे आणि दुसऱ्या बाजूला ससा. गर्दीत आणि उतारावर बाई कासव सोडत नसत. चढ त्या सरळ चढत, तिरक्या कधीच नाही, कारण तिरकी गेले की मी कलंडते. आणि मित्रांनो, मला थांबवायला काही दाबावे लागत नाही. अंगठ्याखालची दांडी सोडली की मी जागच्या जागी थांबते. घाबरलेला माणूस मात्र हातातले घट्ट धरतो आणि तिथेच चुकतो. बाईंनी हे पहिल्याच दिवशी घोकून ठेवले होते.

आमच्या गावात ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे वर्षाचा प्राण. लांब झगे घालून, हातात मोठमोठ्या मेणबत्त्या घेऊन चर्चच्या मंडळाची माणसे मातेच्या पालखीपुढे चालतात, आणि चढणीच्या फरशीवर मेणाचा थर साचतो. पुढे कित्येक दिवस त्यावर चाके किंचाळत घसरतात. त्या झग्यांवरचे मेण तपकिरी कागद आणि इस्त्रीने काढण्याचे काम कासिल्दाबाईंनी चाळीस वर्षे केले होते. मंडळाचा प्रमुख लेओन्सिओ. त्याचा झगाही त्याच इस्त्री करत. तोच लेओन्सिओ एका वर्षी म्हणाला, "कासिल्दा, मिरवणुकीत ही लाल गाडी नको. शोभा जाते."

बाई म्हणाल्या, "तुझ्या झग्याची शोभा माझ्या इस्त्रीने येते, ती चालते का रे?" तो नुसता हसला.

त्या वर्षी बाईंनी मला चर्चच्या दाराशी सपाट जागेवर उभे केले आणि त्या आत फूल वाहायला गेल्या. पालखी बाहेर काढायची वेळ झाली. लेओन्सिओ आला, इकडेतिकडे बघितले, माझ्या आसनामागे वाकला आणि तिथला झाकणाखालचा खटका त्याने खाली पाडला. तो खटका पाडला की माझी चाके मोकळी होतात, मला हाताने ढकलता येते, आणि माझा ब्रेक उरत नाही. त्याने मला उताराच्या तोंडाशी नेले, एका कुंडीला टेकवले आणि तो निघून गेला. खटका तसाच राहिला.

बाई आल्या, बसल्या, चावी फिरवली. मी टिट् टिट् करून जिवाच्या आकांताने ओरडले, पण शेजारी बँड वाजत होता. बाईंनी कुंडीपासून माझे तोंड वळवले आणि मी सुटले. बाईंनी दांडीला हातही लावला नव्हता. तरी मी थांबले नाही, कारण मला थांबता येत नव्हते. भिंतीला घासत आम्ही कारंज्याच्या कठड्यावर आदळलो. बाईंचे मनगट मोडले.

"मी दांडी दाबलीच नव्हती, गाडी कुणीतरी हलवली होती," बाई सांगत राहिल्या. कुणाला पटले नाही. "घाबरून दाबली असणार, वय झालं आता," असे सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने लेओन्सिओ म्हणाला. मला उचलून आणताना कुणाचा तरी धक्का लागून खटका परत वर बसला होता. फुएनसांताने माझी चावी काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

दोन वर्षे मी दिवाणखान्यात चादरीखाली उभी होते. बाई खिडकीत बसून राहत. पण दर शनिवारी त्या काठी टेकत येत आणि मला चार्जिंगला लावत. चावी नसलेल्या गाडीला कशाला, असे मुलीने विचारले तर म्हणत, "मरू द्यायची नाही मला तिला." मी आतून जळत होते. एकदा, फक्त एकदा, तो माणूस माझ्यावर बसू दे, एवढेच मी मागत होते.

आणि तो बसला! यंदा लेओन्सिओच्या कमरेचे हाड मोडले. पालखीपुढे चालायचे तर होतेच. त्याने फुएनसांताकडे मलाच मागितले. बाई म्हणाल्या, "देईन. चालवायलाही शिकवीन. पण चर्चच्या दारातच."

त्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी फुएनसांताने पर्समधली चावी मला लावली आणि बाई माझ्यावर बसून चढण चढल्या. फुएनसांता बाजूने चालत होती. लेओन्सिओला पुतण्याने सकाळीच मोटारीने वर सोडून चर्चच्या दारात खुर्ची दिली होती. त्यानंतर पालख्यांसाठी रस्ता मोटारींना बंद झाला. पालखी उचलणारे तीसेक गडी सराव आटोपून सावलीत बसले होते.

बाई खुर्चीवर बसल्या, लेओन्सिओ माझ्यावर. "चकती कासवावर ठेव," बाई म्हणाल्या.

"अगं, मी ट्रॅक्टर चालवलेत," म्हणून त्याने ससा लावला. कालच्या मेणावर मी घसरले. भिंत समोर आली. मित्रांनो, मला थांबायचे नव्हते. त्याला त्या भिंतीवर चुरडावे, असेच मला वाटत होते.

"सोड! हात सोड!" बाई ओरडल्या. त्याने सोडला, आणि मी थांबले. मी तशीच घडवलेली आहे. सूड घ्यायची माझी एकमेव संधी माझ्याच स्वभावाने घालवली, याचा मला फार संताप आला.

फुएनसांता हळूच म्हणाली, "बघ आई. हात सोडला की थांबते. तूही तेव्हा सोडला असतास तर..."

बाईंनी धडा पुढे चालू ठेवला. "आता शेवटचं. हिला हाताने ढकलायचं असेल तर एक खटका आहे, तो..."

"माहितीये," असे म्हणत लेओन्सिओ मागे वळला, झाकण उचलले आणि न चाचपडता त्याने नेमक्या त्या खटक्यावर बोट ठेवले. "हाच ना?"

सावलीतल्या गड्यांनी माना वळवल्या.

"मला नव्हतं माहीत," फुएनसांता म्हणाली. "गाडी मी आणली, तरी मला नव्हतं माहीत हे कुठे असतं ते."

"तुला कुणी सांगितलं रे, लेओन्सिओ?" बाईंनी विचारले.

त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा झाला. "पालखी निघायची होती... दारात आडवी होती. मी फक्त बाजूला केली. परत लावायचं राहून गेलं."

"राहून गेलं ते समजू शकते मी," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं गप्प कसा राहिलास?"

फुएनसांताने माझी चावी काढली आणि आईच्या हातात ठेवली. तिचे डोळे भरले होते. बाईंनी ती दोरीत ओवून गळ्यात घातली. "उतर," त्या म्हणाल्या.

"कासिल्दा, मी खाली कसा जाऊ? मोटार येत नाही."

"हे तीस जण बसलेत ना? पालखी उचलायला शिकलेत, एक माणूस नाही उचलणार?"

गड्यांनी त्याला खुर्चीसकट उचलले. त्यांच्या म्होरक्याने पालखीवर ठोकतात तसे खुर्चीच्या पायावर ठोकले आणि आरोळी दिली, "उचला रे, थेट स्वर्गात!" खिडक्याखिडक्यांतून लोक हसू लागले. पुढे आम्ही, कासवाच्या वेगाने. गल्ली अरुंद असल्याने कुणालाही पुढे जाता येईना. बाईंनी वाटेत तीन ठिकाणी थांबून गप्पा मारल्या. पाव घेतला. सुटे पैसे सावकाश मोजून घेतले. मागे खुर्ची तोलून गडी उभे, आणि खुर्चीत तो. तो उतार मला पुन्हा पुन्हा उतरावासा वाटत होता.

मित्रांनो, कुणाची गाडी विचारल्याशिवाय हलवू नका. हलवलीत तर खटका परत लावा. तेही विसरलात तर निदान तोंड उघडा, कारण तुमच्या गप्प बसण्याने कुणाचे तरी घराबाहेर पडणे बंद होते. लोक म्हणतात, मी आता त्याला क्षमा करावी. मी केलेली नाही आणि बाईंनीही केलेली नाही.

लेओन्सिओचे घर आमच्याच वाटेवर आहे. रोज सकाळी बाई त्याच्या खिडकीखाली मला थांबवतात, चावी बंद करतात, मागे वळून झाकण उचलतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "लेओन्सिओ! खटका वर आहे. बरोबर ना रे?"

तो खिडकीत येईपर्यंत आम्ही हलत नाही.

"बरोबर," तो म्हणतो. मग आम्ही पाव आणायला जातो.