हर्सूलच्या तळ्यावरून डावीकडे

सोळा सालच्या एप्रिलात व्यंकटरावांनी विमान उतरवलं, तेव्हा ते धावपट्टीला तीनदा टेकलं. पहिल्या टेकण्यानं शेजारच्या गावातली कुत्री उठून बसली. दुसऱ्यानं गवतातली तितरं बिऱ्हाड आवरून जालन्याकडं कायमची राहायला गेली. तिसऱ्यांदा मात्र ते बसलं. फ्लाइंग क्लबच्या वहीत उड्डाणं लिहिणाऱ्या कडूबानं इमानेइतबारे तीन लँडिंग लिहिली. व्यंकटरावांना तक्रारही करता येईना, कारण आकडा चूक नव्हता.

शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी अंबिकाबाई होत्या. त्या उतरल्या, साडी सारखी केली आणि गाडीत जाऊन बसल्या. सिडको आल्यावर म्हणाल्या, "सुट्टीत स्वरदा येईल. तिला यात बसवायचं नाही."

"अगं, मी नातीला शब्द दिलाय. शहर वरून दाखवीन म्हणून."

"गच्चीवरून दाखवा."

"वारा होता आडवा."

"असेल. पण ते मला तुम्ही सांगू नका. तुमची ती तपासणी आहे ना मे महिन्यात? त्या सही करणाऱ्यानं सांगू दे. आणि सही कुणाची, तर जो तुम्हाला नाही म्हणू शकतो त्याची. तसा माणूस आणा, मग बसवा पोरीला."

व्यंकटराव काही पगारी वैमानिक नव्हेत. वाळूजला त्यांचा गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना; विमान हा नाद. पण नाद्यांनाही ठरावीक मुदतीनं प्रशिक्षकाला शेजारी बसवून तासभर उडून दाखवावं लागतं. हात अजून जाग्यावर आहे असं त्यानं लिहून दिलं, तरच लायसन पुढं चालतं. यंदाची मुदत एकतीस मे. आजवर व्यंकटरावांची ही तपासणी चहाच्या टेबलावर होत आली होती, हे अंबिकाबाईंना ठाऊक होतं. सगळंच ठाऊक असतं त्यांना.

दुसऱ्याच दिवशी ते कॅप्टन नानासाहेबांकडं गेले. नानासाहेब क्लबचे सगळ्यात जुने प्रशिक्षक. त्यांनी कागद मागितला, खिशातून पेन काढलं.

"अहो, आधी उडू तर."

"कशाला? बेचाळीस डिग्री ऊन आहे. तीस वर्षांची ओळख आपली, व्यंकटराव. तुम्ही खुर्चीत बसता कसे, यावरून सांगतो मी तुमचं फ्लाइंग."

"मग कसं आहे?"

"जरा डावीकडं कलता," नानासाहेब म्हणाले आणि सही करायला वाकले. व्यंकटरावांनी कागद ओढून घेतला. नानासाहेबांना त्याचं इतकं वाईट वाटलं की चहासुद्धा मागवला नाही.

मग चिन्मय. पंचविशीचा, हुशार, एअरलाइनच्या नोकरीसाठी उड्डाणाचे तास जमवत होता. विमानात चढण्याआधी तो वाकून पाया पडला, तिथंच व्यंकटरावांचा जीव खट्टू झाला. पाया पडलेला माणूस अर्ध्या तासानं चुका कशा काढणार?

आता व्यंकटरावांचा रस्ता पंचवीस वर्षांचा ठरलेला. धावपट्टी शहराच्या पूर्वेला. तिथून उठायचं, चिकलठाणा विमानतळाच्या टॉवरला कळवायचं, पश्चिमेला जायचं, हर्सूलचं तळं खाली आलं की डावीकडं वळून वाळूज. आपल्या कारखान्याच्या पत्र्यावर एक घिरटी मारायची आणि परत. त्या दिवशी ते निघाले आणि तळ्याची वाट बघत राहिले. तळं काही येईना. खाली एक तपकिरी मैदान गेलं, त्यावर मुंग्यांसारखे ट्रॅक्टर. दोन नव्या वसाहती गेल्या. आणि मग समोर देवगिरीचा किल्ला असा उभा राहिला की जणू विचारतोय, कुठं निघालात?

"वा काका," चिन्मय म्हणाला. "किल्ला दाखवलात."

"अरे, मला इकडं यायचंच नव्हतं."

"पण छान दिसतोय."

उतरताना विमान दोनदा टेकलं. चिन्मय म्हणाला, "छान, काका." व्यंकटरावांनी त्यालाही सही करू दिली नाही. असली सही दाखवली असती तर अंबिकाबाईंनी तिची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली असती.

मेचा शेवटचा आठवडा आला. त्यांनी नाशिकला फोन केला, जळगावला केला. एक म्हणाला जूननंतर, दुसरा म्हणाला कागद कुरिअरनं पाठवा. व्यंकटराव क्लबच्या व्हरांड्यात पाण्याच्या टँकरच्या सावलीला बसून चिडचिड करत होते. "एवढ्या मोठ्या मुलखात मला नापास करील असा एक माणूस नाही?"

कडूबानं वही मिटली. "एक हाय. पण तिच्याकडं नका जाऊ, साहेब. करुणा मॅडम. लई कडू बाई. गेल्या महिन्यात क्लबच्या अध्यक्षालाच सही नाय दिली. तवापासून तिला निस्ती नवी पोरं देत्यात शिकवायला, जुने मेंबर नाय देत."

"कुठं आहे ती?"

"हँगरात. पण बेइज्जती व्हईल, मी सांगितलं नाय म्हणू नका."

व्यंकटराव हँगरकडं इतक्या लगबगीनं गेले की चप्पल एकीकडं आणि ते एकीकडं.

करुणा तिशीची होती. ती पाया पडली नाही. आधी तिनं कडूबाची उड्डाणांची वही मागवली. "एप्रिलात एका फेरीत तीन लँडिंग?" तिनं विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. ती हसली नाही. "उद्या साडेसहाला या, काका. इथं खाली काका. वर गेल्यावर मी बोलेन ते ऐकायचं."

सकाळी ते उठले, पश्चिमेला निघाले. ती मांडीवरच्या नकाशावर बोट फिरवत होती. तपकिरी मैदान आलं, गेलं. किल्ला दिसायला लागला तेव्हा तिनं शांतपणं विचारलं, "आपण कुठं आहोत?"

"तळ्याची वाट बघतोय."

"तळं मागं गेलं. आटलंय ते. खाली ट्रॅक्टर गाळ काढत होते, ते तळं. नकाशा, घड्याळ, दिशा, काय बघितलंत तुम्ही?"

"पाणी," व्यंकटराव म्हणाले.

ते वळले. वाळूजच्या अलीकडं तिनं थ्रॉटल मागं ओढलं. इंजिनाचा आवाज पडला. "समजा इंजिन गेलं. उतरा."

हे मात्र व्यंकटरावांना पाठ होतं. अशा वेळी उतरायला एक रान त्यांनी पंचवीस वर्षं मनाशी राखून ठेवलं होतं. त्यांनी ऐटीत नाक तिकडं वळवलं. खाली रो-हाऊसच्या चार रांगा, गच्च्यांवर काळ्या टाक्या, आणि एका टाकीत झाडू घालून उभी असलेली बाई यांच्याकडं बघत होती.

"कुणाच्या गच्चीवर?" करुणानं विचारलं आणि थ्रॉटल पुढं दिलं.

धावपट्टीवर विमान दोनदा टेकलं. खाली आल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली. उतरताना वेग जास्त. पाय रडरच्या पेडलांवर नुसते ठेवलेले, जसे पाटावर ठेवतात. नजर धावपट्टीच्या टोकाकडं हवी, ती चाकापाशी. एकंदर अकरा चुका. व्यंकटरावांचे कान तापले.

"माझं वय काय, तुझं काय," ते म्हणाले. "आणि तुझ्यासारखी दीडशे माणसं माझ्या हाताखाली आहेत."

"माहीत आहे. माझे बाबा त्यातलेच. कचरू, लेथवर होते. आम्ही बजाजनगरला राहायचो. केसाएवढा फरक असला तरी तुम्ही त्यांनी केलेल्या जॉबवर लाल रंग मारून परत करायचे. बाबा घरी येऊन तुम्हाला शिव्या घालायचे."

व्यंकटरावांना कचरू आठवला. शिव्याही आठवल्या, त्या कारखान्यातच सुरू व्हायच्या. "मग आता तू उट्टं काढतेस?"

"नाय हो. तुमचे पार्ट गिऱ्हाइकाकडून कधी परत आले नाहीत, हेपण बाबाच सांगायचे. सही देत नाही मी. अजून सहा-सात उड्डाणं लागतील. तोवर मुदत संपेल. लायसन बंद पडेल, मग माझ्याशेजारी विद्यार्थी म्हणून बसायचं. बघा, जमत असेल तर."

व्यंकटराव पाय आपटत घरी आले. अंबिकाबाई लसूण सोलत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनी अकराच्या अकरा चुका म्हणून दाखवल्या, हातवाऱ्यांसकट, आणि प्रत्येक चुकीनंतर "कालची पोर" असं जोडलं. अंबिकाबाईंनी मन लावून ऐकलं. नववी चूक नीट कळली नाही म्हणून पुन्हा सांगायला लावली.

"स्वरदा परवा येतेय," व्यंकटराव शेवटी म्हणाले. "या सुट्टीत काही व्हायचं नाही. काय सांगू मी तिला?"

"दिवाळीत ये म्हणावं. तोवर आजोबा शिकतायत." त्यांनी लसणाची सालं फुंकली. "उद्या किती वाजता?"

"साडेसहा."

"ती काही खाऊन येते का इतक्या सकाळी? भाकरी-ठेचा देते दोघांचा. तिला तिखट चालतं का विचारा."

"मी तिला काही एक विचारणार नाही," व्यंकटराव म्हणाले, आणि पाचचा गजर लावायला घड्याळ शोधू लागले.