भोपळ्याचे कान

भोपळ्याच्या कानाला हात लावायची आमच्या घरात कुणाची छाती होत नव्हती. भोपळ्या म्हणजे आमचा कुत्रा. वय अकरा, अंगानं नावाप्रमाणे, कान चपलेएवढे लोंबते. त्या कानांत काळा मळ साचला होता आणि वास असा, की टीव्ही बघताना सगळे आपापली खुर्ची सरकवून बसायचे.

जनावरांच्या डॉक्टरांनी रविवारी तपासून सांगितलं, "पडदा शाबूत आहे, जखम नाही. उकळून गार केलेलं पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं घ्या, रोज कान धुवा. शनिवारपर्यंत साफ झाले नाहीत, तर भूल द्यावी लागेल. आणि याचं हृदय बघता भूल द्यायची मलाच भीती वाटते."

मी बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली. तिथवर सगळं सोपं होतं. सोमवारी नवरा धरायला गेला, तर मनगटावर दात उमटले. मंगळवारी मी बिस्किटाचं आमिष दाखवलं. भोपळ्यानं बिस्किट खाल्लं आणि तो पलंगाखाली गेला. शेजारीण म्हणाली, तेलात लसूण उकळून घाला. तिनं आयुष्यात साधं मांजर पाळलेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

बुधवारी आम्ही दोघांनी हात टेकले. मला रडू फुटायचं बाकी होतं. तेव्हा सासरे म्हणाले, "मी बघू का?"

सासऱ्यांनी बेचाळीस वर्षं सलून चालवलं. हात थरथरायला लागला तसं ते बंद केलं, आणि तेव्हापासून आम्ही त्यांना चहाचं भांडंसुद्धा उचलू देत नाही.

"बाबा, तुम्ही बसा. चावेल तो," नवरा म्हणाला.

"चावेलच. तुम्ही दोघं त्याच्या तोंडासमोर उभे राहता. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं असतं." मग त्यांनी बाटलीला हात लावला. "आणि हे फ्रीजमधलं? एवढं गार कानात गेलं तर मीसुद्धा चावेन, सूनबाई."

त्यांनी बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट केली आणि मनगटावर थेंब टाकून पाहिला. बुटक्या स्टुलावर बसून भोपळ्याला पाठमोरं गुडघ्यांमध्ये घेतलं. गळ्याभोवती पांढरं फडकं गुंडाळलं, कानांवर गरम ओला टॉवेल ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. आमच्याशी नाही, भोपळ्याशी. पुलाचं काम कसं रखडलंय, शेजारणीचा जावई कसा आळशी आहे. भोपळ्याचे डोळे मिटायला लागले. जावयाची गोष्ट ऐन रंगात आली असताना त्यांनी कान उचलला, पाणी ओतलं आणि ते कानाचं मूळ चोळायला लागले. भोपळ्यानं हूं की चूं केलं नाही.

मी त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघत होते. ते त्यांच्या लक्षात आलं.

"वस्तरा धरायचा नाही ना," ते म्हणाले. "चोळायला हाच हात बरा."

मग भोपळ्यानं डोकं झटकलं आणि भिंतीवर काळे शिंतोडे उडाले. बोट जाईल तिथवरच त्यांनी कापसानं पुसलं. कान कोरायची काडी जवळ येऊ दिली नाही. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. शुक्रवारच्या बैठकीला तर भोपळ्या स्वतःहून स्टुलापाशी येऊन बसला.

शनिवारी आम्ही तिघं भोपळ्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कानांत बराच वेळ पाहिलं.

"भूल नको," ते म्हणाले. "कान स्वच्छ आहेत."

मी तिथेच भोपळ्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. मला लाज वाटली नाही.

"पण हे केलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्यानं सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

डॉक्टर जरा घुटमळले. "काका, बाहेर दोन कुत्री बसलीत. मला आणि माझ्या दोन्ही मदतनिसांना कानाला हात लावू देत नाहीत. बघता का जरा?"

सासऱ्यांनी बाह्या दुमडल्या.

"पाठवा एकेकाला," ते म्हणाले. "आणि मालकांना म्हणावं, बाहेरच थांबा."