टाइमकीपरचा डोंगर

बस डेपोत तो टाइमकीपर होता. कोणती गाडी वेळेवर सुटली, कोणती रेंगाळली, कोणता ड्रायव्हर चहाच्या टपरीवर जास्त वेळ गप्पा मारत बसला, सगळं त्याच्या नजरेत असायचं. डेपोतली माणसं त्याला काटा म्हणत. घड्याळातला की पायातला, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. निवृत्त झाला आणि तो काटा पूर्णवेळ घरी आला.

त्याची बायको पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवायची. लोकांचे कपडे घट्ट करणं, सैल करणं, चेन बदलणं, असली कामं. मागच्या खोलीत त्याची रेल्वे होती. ती खोली खरं तर मुलासाठी म्हणून मोकळी ठेवलेली. मूल झालं नाही. एक दिवस ती बाजारातून परतली तर खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्यांचा ओटा उभा होता. त्यानं विचारलं नव्हतं, आणि तिनं विषय काढला नाही.

त्या ओट्यावर वर्षानुवर्षं त्याचं काम चाललेलं. रूळ तर केव्हाच टाकून झाले होते. बोटभर उंचीचं स्टेशन होतं, इंजिन होतं, डबे होते. पण त्याचा जीव होता तो गाडीभोवतीच्या मुलखात. गाडी कुणीही दुकानातून आणतो, तो म्हणायचा, डोंगर आणता येत नाही. थर्माकोलचे थर चिकटवून तो उतार तासायचा, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या अंथरायचा, वाळल्यावर पातळ काळा रंग सोडायचा. तो रंग भेगांत उतरला की प्लास्टरचा दगड व्हायचा. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत, वाळलेल्या मुळ्यांची झाडं. खोलीत झाडू मारायलासुद्धा तिला मज्जाव होता, कारण झाडूनं धूळ उडते आणि ती नेमकी ओट्यावरच्या नदीवर बसते.

त्याला झटका आला तेव्हा तो प्लास्टर कालवत होता. बराच वेळ आतून काही आवाज नाही म्हणून ती दारात गेली, तर तो ओट्याखाली आडवा पडलेला. वाडग्यातलं प्लास्टर घट्ट झालं होतं आणि त्यात चमचा उभा होता.

दवाखान्यातून तो परत आला तो उजवं अंग गमावून. वाचाही गेली. सगळीच नाही. एक शब्द उरला होता, ‘नको’. पाणी हवं असलं तरी नको, कूस बदलून दे म्हणायचं असलं तरी नको. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं, कधी कधी एखादाच शब्द जिभेवर राहतो, आणि तो कोणता राहावा हे कुणाच्या हातात नसतं. ती मान डोलावत ऐकत होती. बाहेर आल्यावर तिला हसू आलं, आणि त्याची तिला लाज वाटली. लग्न झाल्यापासून हा शब्द तिनं त्याच्या तोंडून इतका ऐकला होता की बाकीचे गेले तरी तिला फारसा फरक पडणार नव्हता.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. काका, पाय उचला, काका, मूठ वळा. काका ढिम्म. मग तिनं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “काकू, यांना मनापासून आवडायचं असं काय आहे? त्यात गुंतवा. नाहीतर हे असेच भिंतीकडे बघत राहतील.”

म्हणून त्या दुपारी तिनं त्याची चाकाची खुर्ची मागच्या खोलीत नेली. डोंगराचा अर्धा भाग तयार होता. उरलेला नुसताच पांढरा थर्माकोल, आणि त्यात बोगद्याचं उघडं भोक. त्यानं ते पाहिलं आणि डावा हात वर केला. तिनं एक ब्रश उचलला. नको. दुसरा उचलला. नको. मग कापडाची पट्टी उचलली, तेव्हा तो काही बोलला नाही. तिनं प्लास्टर कालवलं. इतकं पातळ झालं की पट्टी उतारावरून ओघळून स्टेशनाच्या छपरावर आली. त्याच्या तोंडून ‘नको’ची अशी काही सरबत्ती सुटली की शेजारीण खिडकीशी आली.

पण शिवणकामाचा हात होता तिचा. पट्टीला चुणी कशी द्यायची, कापड उतारावर कसं बसवायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. थोड्याच दिवसांत तिच्या डोंगराच्या कडा त्याच्या डोंगराला जुळू लागल्या. नकोमधले प्रकारही तिला कळू लागले. तुटक नको म्हणजे हे नाही. लांबवलेलं नको म्हणजे इथं नाही, पलीकडे. आणि एक अगदी हळू, श्वासाबरोबर सुटलेलं नको होतं, त्याचा अर्थ ठीक आहे, असू दे. हे तिसरं क्वचित यायचं. ते आलं की ती उगाचच हात पुसायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

गावातला चष्मेवाला त्याचा एकुलता एक मित्र, त्यालाही हाच नाद. अधूनमधून तो येई, भिंग डोळ्याला लावून डोंगर निरखी. वहिनी, हा कातळ काट्यानंसुद्धा असा केला नसता, एकदा तो म्हणाला. नवऱ्यानं मान फिरवली. तिला ते दिसलं, आणि बरंही वाटलं. आपल्याला बरं वाटलं हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

भांडण झालं ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून. रुळाच्या कडेला गँगमनचं घर होतं, काडेपेटीएवढं. तिच्याकडे शिवणातल्या कात्रणांना तोटा नव्हता. तिनं घरामागे दोन काड्या रोवल्या, त्यांना दोरा बांधला आणि त्यावर नखाएवढे सदरे, एक चादर, एक लहान मुलाचं झबलं अडकवलं. त्याला दाखवायला खुर्ची जवळ घेतली.

तुटक नको.

तिनं ते काढलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. तो ओरडायला लागला, डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवू लागला. झटका आल्यापासून प्रथमच तिला जाणवलं की हा माणूस उठून ते काढू शकत नाही.

“घरात माणसं राहतात,” ती म्हणाली. “माणसं कपडे धुतात. असू दे.”

नको, नको, नको.

तिनं खुर्चीचा ब्रेक काढला, खुर्ची वळवली आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. परत ओट्याशी आली आणि चादरीची घडी चिमट्यानं नीट केली. पाठीमागे तो थोडा वेळ बोलत राहिला, मग थांबला. तिचे हात हलके झाले होते. त्या दुपारी तिनं नदीच्या अलीकडच्या काठची सगळी झाडी लावून टाकली, आपल्याला हवी तशी.

मग ते सवयीचं झालं. त्याला एखादी गोष्ट पटली नाही की खुर्ची भिंतीकडे. तो गप्प झाला की परत इकडे. पुढे पुढे तर ती काम सुरू करण्याआधीच खुर्ची वळवू लागली. जेवण, औषध, आंघोळ यांत तिनं कधी कसूर केली नाही. त्याच्या अंगावर एक जखम होऊ दिली नाही, व्यायामवाली मुलगी इतरांना तिचं उदाहरण द्यायची.

एकदा तिची नणंद न कळवता आली. मागच्या खोलीत डोकावली तर भाऊ कोऱ्या भिंतीसमोर बसलेला आणि वहिनी त्याच्याकडे पाठ करून झुडपं चिकटवते आहे.

“वहिनी, हे काय?” तिनं विचारलं.

“ऊन येतं त्यांच्या डोळ्यावर.”

नणंदेनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर शेजारच्या इमारतीची उंच भिंत होती, तिथून ऊन येण्याची सोयच नव्हती. भावाची खुर्ची वळवून तिनं त्याला पुढच्या खोलीत नेलं, त्याचा हात हातात घेऊन बसली, आणि चहा न घेता गेली. जाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण भावाला मी घेऊन जाते, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. निघणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई पँटची उंची कमी करून घ्यायला आली. बायको तिचं माप घेत होती आणि आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. टेप गळ्यात तसाच ठेवून ती धावली.

त्यानं काय केलं असेल ते खोलीकडे बघून कळत होतं. डाव्या पायानं रेटत रेटत त्यानं खुर्ची ओट्यापर्यंत आणली होती. कोपऱ्यातली काठी त्याच्या हाताला लागली होती. डोंगराचा माथा, बोगद्याची कमान, गँगमनचं घर, सगळ्यावर त्यानं काठी चालवली होती, आणि शेवटी तोल जाऊन स्वतःच त्यावर पडला होता. छातीपर्यंतचं अंग ओट्यावर, पाय खाली लोंबकळत. तोंडात प्लास्टरचा चुरा गेलेला, तो खोकत होता.

पँटवाल्या बाईच्या मदतीनं तिनं त्याला खुर्चीत बसवलं. बाई गेल्यावर ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं, बोट घालून गालातला चुरा काढला. तो तिच्याकडे बघत होता.

“झालं समाधान?” ती म्हणाली.

ती पुढे कितीतरी दिवस त्या दोन शब्दांशी झुंजत राहिली. कारण विचारायचं ते नव्हतंच. कुठं लागलं का, हे विचारायचं होतं, आणि ते जिभेवर येईपर्यंत दुसरंच निघून गेलं होतं.

खोलीला तिनं कुलूप लावलं. आता तो दिवसभर पुढच्या खोलीत मशीनशेजारी बसायचा आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्याला मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, कसे आहात म्हणून विचारायची. तो नको म्हणायचा. ती हसायची. एकदा तिला वाटलं, त्याला सांगून टाकावं की भिंतीकडे वळवत होते ते चुकलं. पण मशीनवर सदरा होता, तो आज द्यायचा होता. आणि दुसऱ्या दिवशी दुसरा होता.

दुसरा झटका झोपेत आला. मोठा नव्हता, डॉक्टर म्हणाले, पण जे उरलं होतं ते गेलं. आता तो शब्दही नव्हता. नजर होती, ती कुठं ठेवली तिथं राहायची.

दवाखान्यातून आणल्यावर तिनं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. चुरा गोळा केला, मोडक्या कडा कापून टाकल्या, नव्यानं पट्ट्या भिजवल्या. त्याची खुर्ची तिनं अशी लावली की सगळा डोंगर त्याला समोर दिसेल. दोरीवरचे कपडे चुऱ्यातून वेचून काढले होते, ते तिनं एका पाकिटात घालून ठेवून दिले आणि ती जागा मोकळी सोडली. प्रत्येक गोष्ट हातात घेतली की त्याला दाखवायची. हा ब्रश घेऊ? हा दगड इथं बसतोय का? थोडं थांबायची, मग कामाला लागायची.

एका दुपारी तिनं मुद्दाम चूक केली. बोगद्याच्या तोंडावर, बरोब्बर मधोमध, एक झाड लावलं, तेही उलटं, मुळं आभाळाकडे करून. येणारं इंजिन थेट त्यावर आदळलं असतं. टाइमकीपरला हे असह्य व्हायला हवं होतं. ती खुर्चीजवळ जाऊन खाली बसली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर.

“बघा ना,” ती म्हणाली. “बघा काय केलंय मी.”

तो बघत होता. डोंगराकडे की तिच्या खांद्यावरून पलीकडे, ते सांगता येत नव्हतं. बाहेर कुणीतरी पायरीशी सायकल टेकवली, कपडे न्यायला आलेलं असावं. ती उठली नाही. बेल वाजली, परत वाजली, मग सायकल निघून गेली. गोंद वाळण्याआधी तिनं झाड उपटलं.

हिवाळा सरता सरता तो गेला. झोपेतच, शांतपणे, असं ती लोकांना सांगायची, पण त्या वेळी ती स्वयंपाकघरात होती, त्यामुळं शांतपणे की कसं हे तिला माहीत नव्हतं. नणंद आली, रडली, आणि निघताना वहिनीला मिठी मारावी की नाही अशी घुटमळली. शेवटी तिनं नुसता खांद्याला हात लावला.

चष्मेवाला काही दिवसांनी आला. हाच नाद असलेल्या त्यांच्या मंडळातल्या लोकांना हे सगळं नेऊन एका सभागृहात मांडायचं होतं, काट्याच्या नावानं. त्यानं दार मोजलं, ओटा मोजला, परत दार मोजलं. कापल्याशिवाय निघणार नाही, तो म्हणाला, मधोमध करवत घालावी लागेल.

“इंजिन न्या,” ती म्हणाली. “डबे न्या. रूळ निघत असतील तर तेही न्या. डोंगर राहू दे.”

“पण वहिनी, गाडीशिवाय डोंगराचं करायचं काय?”

तिला गाडीचं काही वाटत नव्हतं, कधीच वाटलं नव्हतं, पण हे त्याला कसं सांगावं ते तिला कळेना. चहा टाकते, असं ती म्हणाली.

त्यानं इंजिन जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, डबे खोक्यात रचले. रूळ उचकटताना खडी सांडली, तेव्हा त्यानं दोनदा माफी मागितली. तो गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी एक लांब, उघडी, मातकट पट्टी राहिली. बोगद्यात काही जात नव्हतं, त्यातून काही बाहेर येत नव्हतं.

नदीच्या पलीकडचा काठ अजून पांढराच होता. तिथं काय करायचं हे काट्यानं कधी ठरवलंच नव्हतं, किंवा ठरवलं असलं तरी सांगण्याआधी त्याची जीभ गेली. तिनं वाडगं घेतलं, प्लास्टर कालवलं, बोटानं घट्टपणा पाहिला. थोडं पातळ वाटलं म्हणून आणखी एक मूठ टाकली.